हार्मोन हा शब्द आला कुठून? आतड्यातून! गोष्ट अर्नेस्ट स्टार्लिंग यांची

चिडचिड झाली, पिंपल्स आले, वजन वाढलं की आपण खापर फोडतो हार्मोन्सवर. पण हा शब्द ज्या प्रयोगातून आला, तो होता आतड्याचा. आणि तो रूढ केला अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी.

स्टार्लिंग यांचा जन्म १८६६ चा, लंडनमधला. वडील बॅरिस्टर, नोकरी थेट मुंबईत. ते काही वर्षांतून एकदाच घरी यायचे. अर्नेस्ट डॉक्टर झाले, पण रमले प्रयोगशाळेत. तिथे त्यांना साथ मिळाली विल्यम बेलिस यांची. पुढे बेलिस यांनी स्टार्लिंग यांच्या बहिणीशी लग्न केलं आणि दोघं नातेवाईकही झाले.

१८९९ मध्ये या जोडीने दाखवलं, की बाहेरून येणाऱ्या नसा कापल्या तरी आतडं अन्न पुढे ढकलतं. घासाच्या मागचा भाग आवळतो, पुढचा सैल होतो. कारण आतड्याच्या भिंतीतच चेतापेशींचं जाळं असतं.

तेव्हा रशियाच्या पाव्हलोव्ह यांचा दबदबा होता. अन्न आतड्यात आलं की स्वादुपिंडाला निरोप नसांमार्फतच जातो, असं ते मानायचे. जानेवारी १९०२ मध्ये स्टार्लिंग आणि बेलिस यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाच्या सगळ्या नसा तोडल्या आणि आत ॲसिड सोडलं. तरीही स्वादुपिंडातून रस आला! मग स्टार्लिंग यांनी आतड्याचं अस्तर खरवडून ॲसिडमध्ये घोटलं, गाळलं आणि रक्तात टोचलं. पुन्हा रस आला. म्हणजे निरोप रक्तातून जाणाऱ्या रसायनाचा होता. त्याला नाव दिलं सिक्रेटिन. १९०५ मध्ये अशा रसायनांसाठी त्यांनी ‘हार्मोन’ हा शब्द वापरला.

पण कुत्र्यांवरच्या प्रयोगांवरून वादळ उठलं. बेलिस यांनी केलेला बदनामीचा खटला १९०३ मध्ये कोर्टात उभा राहिला. एकाच कुत्र्यावर दोनदा प्रयोग झाल्याचं स्टार्लिंग यांनी साक्षीत कबूल केलं. कायद्याला ते मान्य नव्हतं. बेलिस खटला जिंकले, पण प्राण्यांच्या वेदनेचा प्रश्न मिटला नाही.

पाव्हलोव्ह यांना १९०४ मध्ये नोबेल मिळालं, स्टार्लिंग यांना कधीच नाही. १९२० मध्ये त्यांच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. १९२७ मध्ये समुद्रप्रवासात, जमैकाजवळ त्यांचं निधन झालं.

मग बरोबर कोण होतं? दोघंही, अर्धे अर्धे. अन्नाचा दाब पडला की आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी सेरोटोनिन सोडतात. ते जवळच्या नसांच्या टोकांना चाळवतं आणि आतडं हलू लागतं. निरोप रसायनाचा, काम चेतापेशींचं.