रेच कार्टर

होरेशियो स्ट्रॅटन कार्टर ऊर्फ रेच कार्टर (२१ डिसेंबर, १९१३ - ९ ऑक्टोबर, १९९४) हे इंग्लिश फुटबॉल खेळाडू व व्यवस्थापक होते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी आणि युद्धानंतर अशी दोन्ही वेळा एफ.ए. चषक जिंकणारे ते एकमेव खेळाडू होत. खेळ थांबवल्यावर त्यांची कारकीर्द प्रामुख्याने खालच्या विभागांतील संघांच्या व्यवस्थापनात गेली.

प्रारंभिक जीवन

कार्टर यांचा जन्म ईशान्य इंग्लंडमधील संडरलंड शहराच्या हेंडन भागात झाला. त्यांचे वडीलही व्यावसायिक फुटबॉलपटू होते. शालेय वयातच ते इंग्लंडच्या विद्यार्थी संघातून खेळले. मात्र लेस्टर सिटीने त्यांची चाचणी घेऊन, शरीरयष्टी फार लहान असल्याचे कारण देत त्यांना नाकारले. त्यानंतर १९३१ मध्ये संडरलंड या आपल्या गावच्याच संघाने त्यांना करारबद्ध केले.

खेळाडू म्हणून कारकीर्द

कार्टर 'इनसाइड फॉरवर्ड' या जागी खेळत. मधली फळी व आघाडी यांना जोडणे, सहकाऱ्यांसाठी संधी निर्माण करणे आणि स्वतःही गोल करणे अशी या जागेची तिहेरी जबाबदारी असे. १९३५-३६ च्या हंगामात त्यांनी लीगमध्ये ३१ गोल केले व संडरलंडने प्रथम विभागाचे विजेतेपद मिळवले. १ मे, १९३७ रोजी वेम्बली येथे झालेल्या एफ.ए. चषकाच्या अंतिम सामन्यात ते संघाचे कर्णधार होते. मध्यंतराला एका गोलने मागे असलेल्या संडरलंडने प्रेस्टन नॉर्थ एंडचा ३-१ असा पराभव केला. त्यातील दुसरा गोल कार्टर यांचा होता. संडरलंडने हा चषक प्रथमच जिंकला.

१९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर लीग स्थगित झाली. त्या वेळी कार्टर २५ वर्षांचे होते. लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा ते ३२ वर्षांचे होते. खेळाडूच्या उमेदीची सर्वोत्तम वर्षे अशा रीतीने गेली. या काळात त्यांनी प्रथम अग्निशमन सेवेत व नंतर शाही हवाई दलात काम केले. डिसेंबर १९४५ मध्ये ते डर्बी काउंटीत दाखल झाले आणि १९४६ च्या अंतिम सामन्यात डर्बीने चार्ल्टन ॲथलेटिकला जादा वेळेत ४-१ असे हरवले. त्याच वर्षी ते डर्बीशायरकडून प्रथम श्रेणी क्रिकेटही खेळले.

इंग्लंडकडून १९३४ ते १९४७ या काळात ते १३ अधिकृत सामने खेळले व त्यांनी ७ गोल केले.

व्यवस्थापक म्हणून कारकीर्द

१९४८ मध्ये कार्टर तिसऱ्या विभागातील हल सिटीत खेळाडू व सहायक व्यवस्थापक म्हणून आले. फ्रँक बकली संघ सोडून गेल्यावर लवकरच सर्व सूत्रे त्यांच्याकडे आली. १९४८-४९ च्या हंगामाची सुरुवात हलने सलग नऊ विजयांनी केली व तिसऱ्या विभागाच्या उत्तर गटाचे विजेतेपद पटकावले. त्याच हंगामात मँचेस्टर युनायटेडविरुद्धचा एफ.ए. चषकाचा सामना पाहण्यासाठी बूथफेरी पार्क मैदानावर ५५,०१९ प्रेक्षक आले होते. सप्टेंबर १९५१ मध्ये कार्टर यांनी व्यवस्थापकपदाचा राजीनामा दिला. परंतु संघ अडचणीत सापडल्याने ते त्याच हंगामात केवळ खेळाडू म्हणून परतले आणि संघाची घसरण टळली. १९५३ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क ॲथलेटिककडून खेळताना त्यांनी तेथील चषकही जिंकला.

१९५३ मध्ये ते लीड्स युनायटेडचे व्यवस्थापक झाले. येथेही त्यांच्या आधी बकली हेच त्या पदावर होते. १९५५-५६ मध्ये लीड्सने दुसऱ्या विभागातून प्रथम विभागात प्रवेश मिळवला. या यशाचा आधारस्तंभ वेल्सचे जॉन चार्ल्स होते. सप्टेंबर १९५६ मध्ये लीड्सच्या मैदानावरील मुख्य प्रेक्षागृह आगीत भस्मसात झाले आणि पुढील वर्षी चार्ल्स यांना ६५,००० पौंडांना युव्हेन्टसला विकण्यात आले. चार्ल्स यांच्याविना संघ मागे पडला व १९५८ मध्ये कार्टर यांच्या कराराचे नूतनीकरण झाले नाही.

१९६० मध्ये कार्टर मॅन्सफील्ड टाउनचे व्यवस्थापक झाले. तेथे त्यांनी केन वॅगस्टाफ या तरुण आघाडीवीराला संधी दिली. मॅन्सफील्डला १९६२-६३ मध्ये चौथ्या विभागातून बढती मिळाली. मात्र हंगामाच्या मध्यावरच कार्टर मिडल्सब्रोला गेले होते. मिडल्सब्रोची कामगिरी खालावत गेली. फेब्रुवारी १९६६ मध्ये कार्टर यांना पदावरून दूर करण्यात आले आणि त्या हंगामाअखेर हा संघ इतिहासात प्रथमच तिसऱ्या विभागात घसरला. त्यानंतर कार्टर यांनी व्यवस्थापन केले नाही.

मूल्यमापन

व्यवस्थापक म्हणून कार्टर यांना खेळाडू म्हणून मिळालेल्या उंचीचे यश लाभले नाही. त्यांचे एकमेव लीग विजेतेपद हलमधील आहे, म्हणजे ते स्वतः मैदानात उतरून खेळाची सूत्रे हलवत होते त्या काळातील. पुढे बाकावर बसून संघ चालवताना त्यांना उत्तम खेळाडूंवर अवलंबून राहावे लागले आणि असे खेळाडू टिकवणे लहान संघांच्या आर्थिक ताकदीबाहेरचे होते.

निधन व स्मृती

कार्टर यांचे ९ ऑक्टोबर, १९९४ रोजी हलजवळील विलर्बी येथे निधन झाले. हल शहरातील एका रस्त्याला आणि त्यांच्या जन्मभागी, हेंडन येथील क्रीडा केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले आहे.