सर वॉल्टर इलियट आणि काळ्या रानातील उंदीर

परमेश्वराच्या सृष्टीत क्षुद्र असे काहीच नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. परंतु शेतातील उंदराकडे त्या दृष्टीने पाहणारा मनुष्य विरळा. परभणी जिल्ह्यातील पेडगावासारख्या गावी, जेथे जमीन काळी व पीक ज्वारीचे, तेथे उंदीर म्हणजे घरच्या घासावर टपलेला वैरी. अशाच काळ्या रानात या वैऱ्याची जात, राहणी व वाढ यांचा धीराने शोध घेणाऱ्या एका थोर पुरुषाचे चरित्र आम्ही आमच्या बालवाचकांपुढे व त्यांच्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवीत आहो.

सर वॉल्टर इलियट यांचा जन्म स्कॉटलंडात १८०३ साली झाला. हेलीबरी येथे शिक्षण घेऊन ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रासकडील नोकरीत शिरले व १८२३ च्या सुमारास धारवाडकडील दक्षिण मराठा मुलखात साहाय्यक कलेक्टर म्हणून आले. पुढच्याच वर्षी कित्तूरचा प्रसंग गुदरला. संस्थान गिळू पाहणाऱ्या कंपनीस राणी चन्नम्मा यांनी शस्त्राने उत्तर दिले. कलेक्टर थॅकरे लढाईत पडले आणि तरुण इलियट कैद झाले. कैदेत त्यांस चांगले वागविण्यात आले व काही आठवड्यांनी त्यांची सुटका झाली. दुसरा कोणी असता तर त्या मुलखाचे नावही त्याने टाकिले असते. इलियट मात्र तेथेच राहिले आणि तेथील शिलालेख, लोक व पशुपक्षी यांच्या अभ्यासात रमून गेले.

१८२६ साली मृगाच्या सुमारास पाऊस ओढ देऊन बसला, आणि त्या वर्षी शेतांत उंदरांचा सुळसुळाट झाला. पेरलेले बी उगवण्यापूर्वीच फस्त होई. जे वाचे त्याच्या ताटांवर चढून उंदीर कणसे कुरतडून खाली पाडीत. शेतेच्या शेते उजाड झाली व रयतेस सारा भरणे अशक्य झाले. शेतकऱ्यांनी वडारांस बोलाविले. इतक्या डझन उंदरांस इतके माप धान्य असा ठराव झाला. वडारांनी हजारोंनी उंदीर मारले, तरी त्यांची संख्या घटल्याचे दिसेना! ही हकीकत इलियट यांनी स्वतः पाहून नमूद केली. ती लिहिणारा मनुष्य सारा वसूल करणाऱ्या खात्यातला होता, हे आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

परंतु केवळ हळहळून ते थांबले नाहीत. असे का झाले, हा प्रश्न त्यांनी मनाशी धरिला. वडार ज्या उंदरास मेट्टाड म्हणत, तो खोल बीळ करीत नाही. झुडपाच्या मुळाशी, दगडांच्या ढिगात, दुसऱ्या उंदराच्या सोडलेल्या बिळात, किंवा उन्हाळ्यात काळ्या जमिनीस पडणाऱ्या भेगांत तो राहतो. दरसाल पहिल्या पावसाने भेगा बुजतात व असंख्य उंदीर आत गाडले जातात. त्या वर्षी आरंभीचा पाऊसच अपुरा पडला. सबब गाडले जावयाचे ते जगले व त्यांची वीण वाढली. मारलेल्यांची मोजदाद हजारांवर गेली, पण मागे उरले किती, हे कोणास ठाऊक होते? आज शास्त्रज्ञ एकाच शेतात पुनःपुन्हा पिंजरे मांडतात, सापडलेल्या प्राण्यास खूण करून सोडतात आणि पुढील खेपेस खुणेचे किती व बिनखुणेचे किती हे पाहून एकंदर संख्या अजमावितात. हा मार्ग इलियट यांच्यापाशी नव्हता. मात्र पाऊस, जमीन व वीण यांचा संबंध त्यांनी अचूक हेरला होता.

त्या प्रांतातील सस्तन प्राण्यांची त्यांची यादी १८३९ साली मद्रासच्या एका विद्वन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाली. एका रानउंदराच्या शास्त्रीय नावात इलियट यांचे नाव गोवले गेले. मेट्टाडाच्या शास्त्रीय नावात मात्र वडारांचाच शब्द आजतागायत नांदत आहे. त्या अनाम वडारांच्या ज्ञानाचे एवढे तरी ऋण शास्त्राने मान्य केले, याचे आम्हांस समाधान वाटते.

पुढे १८४५ पासून ते समुद्रकाठच्या उत्तर सरकार प्रांताचे कमिशनर होते. त्याच वर्षी त्यांनी अमरावतीच्या प्राचीन स्तूपाचे उत्खनन केले. डार्विनसाहेबांसही त्यांनी पाळीव पक्ष्यांची कातडी पाठविली. १८६० साली ते स्वदेशी परतले. म्हातारपणी दृष्टी जवळजवळ गेली, तरी जिज्ञासा गेली नाही. १ मार्च १८८७ रोजी सकाळी त्यांनी मिशनरी पंडित डॉक्टर पोप यांस तमिळ ग्रंथांविषयी एक पत्र सांगून लिहविले, खाली स्वहस्ते सही केली, आणि सायंकाळी शांतपणे देह ठेविला.

विद्यार्थी मित्रहो, येत्या वैशाखात शेतावर गेलात म्हणजे जमिनीच्या भेगांकडे अंमळ निरखून पाहा; पाऊस केव्हा पडला व त्यानंतर बिळे किती दिसली, हे वहीत मांडून ठेवा; आणि जे कळत नाही ते रानात राबणाऱ्यास विचारण्याची लाज बाळगू नका. संकट येऊन कोसळल्यावर हजारो काठ्या उगारण्यापेक्षा, ते येण्यापूर्वी राखलेली एक वही शेतकऱ्याच्या अधिक उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.