वज्रीतून इतिहास वाचणारे डॉ. सांकळिया

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या डोळ्यांपुढे येतात. परंतु त्या राज्यांतील साधी माणसे अंग कशाने घासत, सांडपाणी कोठे सोडीत, हे कोणी लिहून ठेवले? डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया यांनी अशा प्रश्नांची उत्तरे मातीत शोधली.

त्यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत एका गुजराती कुटुंबात झाला. अंगकाठी लहान, पण जिद्द मोठी! फादर हेरास यांच्या मार्गदर्शनाखाली नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहून ते लंडनला गेले. तेथे पीएच.डी. मिळविली आणि मॉर्टिमर व्हीलर यांच्या उत्खननात मातीचा एकेक थर ओळखून खणण्याचे शिक्षण घेतले. १९३९ साली ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले.

१९५४ ते १९५६ या काळात त्यांनी प्रवरेकाठी नेवासे येथे उत्खनन केले. सातवाहनकालीन थरांत भाजलेल्या मातीच्या वज्र्या, डोळ्यांत अंजन घालण्याच्या तांब्याच्या काड्या आणि मातीची कडी एकावर एक रचून केलेले शोषखड्डे मिळाले. दुसऱ्या कोणी या वस्तू किरकोळ मानल्या असत्या. सांकळिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र त्यांची थरानुसार नोंद केली, आणि १९६० च्या अहवालात नाण्यांच्या जोडीने त्यांनाही स्थान दिले. नाणे राजाचे नाव सांगते. वज्री त्याच्या प्रजेची टाच दाखविते.

रोवणीहून परतल्यावर माझी आजी वज्रीनेच पाय घासते. आमच्या घरात ना सनद, ना पोथी. तरीही आमच्यासारख्यांना इतिहास आहे, हे मला सांकळियांच्या कार्यामुळे पटले.

नेवाशातील त्यांचे सहकारी डॉ. शां. भा. देव पुढे नागपूर विद्यापीठात आले. १९६९-७० मध्ये त्यांनी व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे जगत्पती जोशी यांनी आपल्या जिल्ह्यातील पवनी येथे उत्खनन केले आणि जगन्नाथ टेकडीवरील स्तूप उजेडात आणला.

सांकळियांना १९७४ साली पद्मभूषण मिळाले. २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. मित्रहो, वैनगंगेकाठच्या शेतात नांगराच्या फाळाला एखादे खापर लागले, तर ते बांधावर भिरकावण्यापूर्वी या माणसाची आठवण करावी. ते आपल्याच एखाद्या पूर्वजाच्या घरातले असू शकेल.