मेहबूब खान : लिहिता-वाचता न येणारा माणूस चित्रांतून गोष्ट सांगून गेला

माझ्या वर्गात आठवीचा एक मुलगा आहे. निबंध लिहायला दिला की चार ओळींवर अडकतो. पण दुष्काळावर लिहा म्हटलं, तेव्हा त्याने वहीच्या मागच्या पानावर कोरडी विहीर काढली आणि काठावर आडवी पडलेली कळशी. बस्स, एवढंच. नांदगावच्या माणसाला त्याहून जास्त सांगायची गरजच नाही. त्याच्या अब्बांचं म्हणणं, याच्या डोक्यात अभ्यास शिरत नाही, गॅरेजवर लावतो. त्या दिवशी मला मेहबूब खान आठवले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुजरातमधल्या बिलिमोऱ्याकडच्या एका गरीब घरात त्यांचा जन्म झाला. शाळेची तालीम जवळजवळ नाहीच. सिनेमाच्या ओढीने मुंबई गाठली. 1927 मध्ये इम्पीरियल कंपनीच्या 'अलीबाबा'त चाळीस चोरांपैकी एक, एवढीच काय ती भूमिका. तो मूकपटांचा जमाना होता. पडद्यावर आवाज नाही, त्यामुळे जे सांगायचं ते दाखवूनच सांगावं लागे. मेहबूबसाहेबांची खरी शाळा हीच. आठ वर्षं किरकोळ कामं केल्यावर 1935 मध्ये 'अल हिलाल' हा पहिला सिनेमा दिग्दर्शित करायला मिळाला.

1940 मध्ये त्यांनी 'औरत' काढला. सावकाराच्या कर्जात बुडालेली, एकटीने मुलं वाढवणारी शेतकरी बाई. चित्रपट काळा-पांढरा. सतरा वर्षांनी, 1957 मध्ये, तीच गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली, 'मदर इंडिया' नावाने. कॅमेऱ्यावर दोन्ही वेळा फरेदून इराणीच. मग बदललं काय? बघण्याची पद्धत.

'मदर इंडिया' सुरू होतो तो म्हाताऱ्या राधाच्या चेहऱ्याजवळ धरलेल्या मातीच्या ढेकळाने. सुरकुतलेला चेहरा आणि माती, दोन्हींचा रंग एकच. नंतर ट्रॅक्टर, विजेच्या तारा, धरण, कालवा. एक शब्दही न बोलता कळतं की ही एका बाईची गोष्ट आहे आणि देशाचीसुद्धा. बैल राहिले नाहीत तेव्हा ती नांगर स्वतः ओढते. तिथे कॅमेरा खालून वर बघतो, मागे नुसतं आभाळ. आपल्याला तिची कीव येत नाही, ती मोठी दिसते. सुगीच्या गाण्यात कॅमेरा उंच जातो आणि शेतात उभी माणसं मिळून फाळणीपूर्वीच्या हिंदुस्थानचा नकाशा होतो.

आणि शेवट. गावच्या इज्जतीसाठी आई आपल्याच लाडक्या मुलावर, बिरजूवर, गोळी झाडते. मग कालव्याचं दार उघडतं आणि पाणी लाल दिसतं. शेताला पाणी आलं, पण त्याची किंमत कोणी मोजली, ते त्या एका रंगात आलं. काळ्या-पांढऱ्या चित्रात हे सांगताच आलं नसतं. गिरणा धरणाच्या तालुक्यात राहणाऱ्या आपल्याला पाण्याची किंमत वेगळी समजवावी लागत नाही.

हा सिनेमा ऑस्करच्या शेवटच्या पाचांत गेला, असं नामांकन मिळालेला पहिला भारतीय सिनेमा. 1963 मध्ये मेहबूबसाहेबांना पद्मश्री मिळाली. वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ आजही त्यांच्या नावाने उभा आहे. 28 मे 1964 रोजी, पंडित नेहरूंच्या निधनाच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांचं इंतकाल झालं. मुंबईत मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात ते दफन आहेत.

सिनेमा बघावा की नाही, यावर आपल्या घराघरांत वेगवेगळी मतं आहेत. तो वाद इथे नको. मला बोलायचंय ते हुनराबद्दल. कोणी म्हणेल, सर, बघा, शाळेशिवाय माणूस मोठा झाला. झाला, पण त्यांच्यासारखा लाखांत एखादा. बाकीचे चोरांच्या गर्दीतच राहिले, त्यांची नावंही कोणाला माहीत नाहीत. मेहबूबसाहेबांना शाळा मिळाली नव्हती. आपल्या मुलांना मिळाली आहे, ती आपणच सोडवायची का?

त्या मुलाच्या अब्बांना मी शाळेत बोलावलं आणि ते विहिरीचं पान दाखवलं. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, दहावीपर्यंत बघू. तूर्त मला एवढं पुरे आहे. तुमच्याही घरी वहीचं मागचं पान भरणारं पोर असेल, तर रागवण्याआधी ते पान एकदा नीट बघा.

अल्लाह मरहूम मेहबूब खान यांची मगफिरत करो. आमीन.