विश्लेषण : रुग्णाची चाल कॅमेरा मोजू लागला कसा? मुळाशी आहे मारे यांचा काळा पोशाख

गुडघ्याचा सांधा बदललेला असो, अर्धांगवायूतून सावरणे असो, की विदर्भात बऱ्याच जणांना असलेल्या सिकलसेलमुळे खुब्याचे हाड खराब झालेले असो; नागपुरातल्या फिजिओथेरपिस्टपुढे पहिला प्रश्न एकच असतो. हा माणूस चालतो कसा? आजवर त्याचे उत्तर अनुभवी नजर आणि सांध्याचा कोन मोजणारे गोनिओमीटर देत आले. आता कॅमेरा आणि संगणक जोडीला येत आहेत. या पद्धतीचा पाया ज्यांनी घातला, ते एतियेन-ज्यूल मारे हे फ्रेंच डॉक्टर सिनेमाच्या इतिहासात जास्त ओळखले जातात. त्यांना स्वतःला सिनेमात फारसा रस नव्हता.

मारे कोण होते?

मारे यांचा जन्म 5 मार्च 1830 रोजी फ्रान्समधल्या बोन या द्राक्षमळ्यांच्या गावी झाला. त्यांचा ओढा इंजिनीअरिंगकडे, पण वडिलांना मुलगा डॉक्टर व्हायला हवा होता. ही गोष्ट आपल्याकडच्या कितीतरी घरांत जशीच्या तशी सापडेल. मुलगा डॉक्टर झाला खरा, पण यंत्रे त्याने सोडली नाहीत. 1860 मध्ये त्यांनी मनगटावर बांधायचे यंत्र तयार केले. नाडीचा ठोका त्यातून कागदावर रेघ होऊन उमटे. तोवर नाडी म्हणजे वैद्याच्या बोटांना जाणवेल ते. एकाचे बोट आणि दुसऱ्याचे बोट जुळेलच असे नाही. रेघ मात्र सगळ्यांना सारखीच दिसते. पुढचे आयुष्य मारे यांनी याच एका विचारावर काढले.

नाडीनंतर त्यांनी चाल घेतली. त्यांच्या प्रयोगशाळेत बुटाच्या तळव्यात हवेची पोकळी बसवली गेली. पाऊल टेकले की हवा दबे, नळीतून तो दाब चालणाऱ्याच्या हातातल्या फिरत्या नळकांड्यापर्यंत जाई आणि कोणता पाय किती वेळ जमिनीवर होता, याची नोंद होई. निरोगी माणसाचा प्रत्येक पाय चालीच्या एका आवर्तनात साधारण 60 टक्के वेळ जमिनीवर आणि 40 टक्के हवेत असतो. दुखऱ्या पायावर हा वेळ घटतो. लंगडण्याचे मोजमाप आजही इथूनच सुरू होते.

काळा पोशाख कशासाठी?

1878 मध्ये एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोड्याची छायाचित्रे टिपली. मारे यांना ती आवडली, पण वेगवेगळ्या जागी ठेवलेल्या कॅमेऱ्यांवरून नेमके अंतर काढणे अवघड. त्यांना सगळ्या हालचाली एकाच जागेवरून, ठरावीक अंतराने हव्या होत्या. 1882 मध्ये त्यांनी सेकंदाला 12 चित्रे घेणारी बंदुकीच्या आकाराची छायाचित्रपेटी केली. त्याच वर्षी पॅरिसच्या कडेला बुलोन्य जंगलात सरकारी मदतीने त्यांचे संशोधन केंद्र उभे राहिले.

तिथे नवी अडचण आली. एकाच काचेवर अनेक चित्रे घेतली की हातपाय एकमेकांवर चढून नुसता धूसर पट्टा उरे. मारे यांनी काढलेली तोड भन्नाट होती. माणसाला डोक्यापासून पायापर्यंत काळा पोशाख घालायचा, सांध्यांवर पांढरे ठिपके आणि हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावायच्या आणि काळ्या पडद्यासमोरून चालवायचे. काचेवर माणूस उमटतच नाही, उमटतात फक्त रेघा. खुबा, गुडघा, घोटा यांचा प्रत्येक क्षणाचा कोन त्यावरून मोजता येई. आजच्या चाल-प्रयोगशाळेत रुग्णाच्या सांध्यांवर चमकते गोळे चिकटवतात, ते याच ठिप्प्यांचे वंशज.

सहायक जॉर्ज देमेनी यांच्यासह मारे यांनी पावलाचा जोर नोंदवणारी फळीही केली. 1888 च्या सुमारास देमेनी यांनी एका शल्यविशारदाच्या साथीने रुग्णांच्या सांध्यांवर विजेचे छोटे दिवे लावून सदोष चालींची चित्रे घेतली. पुढे दोघांचे बिनसले. देमेनींना हलत्या चित्रांचा व्यवसाय करायचा होता. मारे यांच्या मते जे डोळ्याला दिसतेच ते पुन्हा पडद्यावर दाखवण्यात शास्त्र कसले? 1894 मध्ये देमेनींना केंद्र सोडावे लागले. दोनच वर्षांनी ल्युमिएर बंधूंचा खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला.

संगणकाने काय बदलले?

मोजायला लागणारा वेळ. 1891 मध्ये लाइपझिगला ब्राउने आणि फिशर यांनी एका माणसाच्या चालीची त्रिमितीय नोंद केली. अंगावर नळ्या बांधण्यातच काही तास गेले आणि त्या मोजक्या पावलांची आकडेमोड नंतर कितीतरी काळ चालली. तेच काम संगणक आता काही क्षणांत करतो. ठिपके न लावता साध्या मोबाइलच्या चित्रफितीतून सांधे ओळखणारी प्रणालीही आली आहे.

मारे यांची जुनी अडचण मात्र इथे परत येते. साडी, धोतर किंवा सैल सलवारीत गुडघा नेमका कुठे आहे, हे प्रणालीला अंदाजानेच ठरवावे लागते आणि तो चुकला की कोनही चुकतो. म्हणून कपडे आवरून, कॅमेरा ठरावीक उंचीवर आणि बाजूने ठेवून, दर तपासणीला तीच मांडणी ठेवावी लागते. आणि गुडघा 60 ऐवजी 40 अंशच वाकला, हे यंत्र सांगते. तो दुखण्यामुळे, ताठरपणामुळे की पडण्याच्या भीतीने, हे फिजिओथेरपिस्टला हात लावून आणि विचारूनच कळते.

मारे यांचे निधन 15 मे 1904 रोजी पॅरिसमध्ये झाले. त्यांच्या नावाची संस्था पुढे पाडली गेली. ती जागा आज रोलाँ गारोस टेनिस संकुलात आहे.