एका शंकूतून अवघे संगीत : पॉल व्हॉइग्ट

बाजारात तयार स्पीकरांची रेलचेल असतानाही प्लायवूड कापून, सरस लावून घरच्या घरी स्पीकर बांधणाऱ्या हौशी मंडळींचा एक वर्ग जगभर आहे. त्यातही काहींचा ओढा ‘फुल रेंज’ स्पीकरकडे असतो. या प्रकारात खर्जासाठी वेगळा आणि तारस्वरासाठी वेगळा स्पीकर नसतो. एकच कागदी शंकू सारे संगीत वाजवतो. अशा स्पीकरसाठी हौशी माणूस जी उंच, निमुळती पेटी बांधतो तिला ‘व्हॉइग्ट पाइप’ म्हणतात. हे नाव पॉल व्हॉइग्ट या ब्रिटिश अभियंत्याचे आहे. ध्वनिक्षेत्रातील मोजक्या प्रतिभावंतांत त्याची गणना होते. मात्र व्यवसायाने त्याला फारसे काही दिले नाही आणि उमेदीच्या वयातच त्यानेही व्यवसायाकडे पाठ फिरवली.

पॉल गुस्टाव्हस अॅडॉल्फस हेल्मुट व्हॉइग्ट याचा जन्म १९०१ साली दक्षिण लंडनमध्ये, जर्मन आईवडिलांच्या पोटी झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून १९२२ साली पदवी घेऊन तो एडिसन बेल या ग्रामोफोन कंपनीत रुजू झाला. त्या काळी ध्वनिमुद्रण निव्वळ यांत्रिक पद्धतीने होत असे. गायकाने मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून गायचे आणि त्या आवाजाच्या जोरावरच सुईने मेणाच्या तबकडीवर रेघ कोरायची, अशी ती रीत होती. १९२५च्या सुमारास अमेरिकेत विकसित झालेली विद्युत ध्वनिमुद्रणाची पद्धत बाजारात आली आणि बड्या कंपन्यांनी तिचा परवाना घेतला. एडिसन बेलपाशी मात्र स्वतःचा व्हॉइग्ट होता. त्याने मायक्रोफोन, अॅम्प्लिफायर आणि तबकडी कोरणारे यंत्र अशी सारी साखळी स्वतंत्रपणे उभी केली.

तबकडीवर काय कोरले गेले ते पारखायचे तर तितकाच प्रामाणिक स्पीकर हवा. येथूनच व्हॉइग्टचे लक्ष स्पीकरकडे वळले. माणसाच्या कानाला सेकंदाला २० पासून सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. २० कंपनांच्या आवाजाची हवेतील लहर सुमारे १७ मीटर लांब असते, तर २० हजार कंपनांची लहर दोन सेंटिमीटरही भरत नाही. खर्जासाठी खूप हवा ढकलावी लागते, म्हणून शंकू मोठा हवा. तारस्वरासाठी चपळ हालचाल लागते, म्हणून शंकू लहान आणि हलका हवा. या दोन परस्परविरोधी मागण्यांवर बहुतेक कारखानदारांनी काढलेला तोडगा म्हणजे कामाची विभागणी. दोन किंवा तीन स्पीकर लावायचे आणि विद्युत मंडलाद्वारे स्वरांची वाटणी करायची.

व्हॉइग्टने दुसरी वाट धरली. त्याने मोठ्या शंकूच्या मध्यभागी, त्याच वेटोळ्याला जोडून, एक लहान ताठ शंकू बसवला. खालच्या स्वरांना दोन्ही शंकू एकत्र हलतात. स्वर चढत जातो तसा मोठा शंकू मागे पडतो आणि लहान शंकू काम अंगावर घेतो. ही वाटणी करायला वेगळे मंडल लागत नाही, कागदाची ताठरता आणि वजनच ती करते. पुढे ‘व्हिझर’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या लहान शंकूची रचना व्हॉइग्टने १९३०च्या दशकात पेटंट करून घेतली. अनेक फुल रेंज स्पीकरांच्या मध्यभागी तो छोटा शंकू आजही दिसतो.

या रचनेचे दुसरे अंग म्हणजे चुंबक. वेटोळ्यावर शंकूची हुकमत न राहता शंकूवर वेटोळ्याची राहायची, तर चुंबकीय क्षेत्र अतिशय तीव्र हवे. त्या काळचे कायमस्वरूपी चुंबक त्यासाठी दुबळे होते. म्हणून व्हॉइग्टने विजेवर चालणारे अवजड विद्युतचुंबक वापरले. साहजिकच त्याचे स्पीकर जड होते आणि महागही.

तिसरे अंग होते कर्ण्याचे. कर्णा शंकू आणि खोलीतील हवा यांच्यातील दुवा असतो. तो योग्य आकाराचा असेल तर थोड्या शक्तीत मोठा आणि स्वच्छ आवाज मिळतो. कर्ण्याचा आकार कोणत्या हिशेबाने वाढवावा, याचे उत्तर व्हॉइग्टला ‘ट्रॅक्ट्रिक्स’ या भूमितीतील जुन्या वक्ररेषेत सापडले. वाटेच्या कडेला पडलेला दगड दोरीने बांधून माणूस वाटेने सरळ चालू लागला, तर ओढला जाणारा दगड जमिनीवर जी वक्ररेषा काढत वाटेकडे सरकतो, ती ही रेषा. १९२०च्या दशकात त्याने या आकाराच्या कर्ण्याचे पेटंट मिळवले आणि स्पीकर बांधणारे आजही तो आकार आवर्जून वापरतात.

१९३३ साली एडिसन बेलचा कारभार गुंडाळला गेला आणि व्हॉइग्टने लंडनच्या सिडनहॅम भागात स्वतःची कंपनी काढली. तिचे नाव ‘व्हॉइग्ट पेटंट्स लिमिटेड’. आपली खरी पुंजी आपल्या कल्पनांत आहे, हे त्या नावातूनच सूचित होत होते. कंपनीने चित्रपटगृहांसाठी मोठे कर्णे बनवले आणि १९३४च्या सुमारास घरगुती वापराचा कोपऱ्यात ठेवण्याचा कर्णा बाजारात आणला. खोलीच्या कोपऱ्यातील दोन भिंती आणि जमीन हाच कर्ण्याचा पुढचा विस्तार मानायचा, म्हणजे पेटी आटोपशीर राहूनही खर्ज भरदार मिळतो, ही त्यामागची कल्पना. अमेरिकेत पॉल क्लिप्श यांचा कोपऱ्यातील कर्णा पुढे फार गाजला, पण तो १९४०च्या दशकातला.

निमुळत्या नळीची रचनाही याच काळातली. एका टोकाला बंद असलेल्या सरळ नळीत, नळीच्या चौपट लांबीची लहर सर्वात जोमाने घुमते. या हिशेबाने दोन मीटरची नळी सेकंदाला ४३ कंपनांच्या आसपासचा खर्ज उचलून धरते. स्पीकर नळीच्या टोकाला न बसवता काही अंतर सोडून बसवला, तर वरचा नको असलेला घुमारा दबतो. बंद टोकाकडून उघड्या टोकाकडे नळी रुंद करत नेली की तिचे वागणे कर्ण्याच्या जवळ जाते आणि हिशेबही थोडा बदलतो. सुताराच्या दृष्टीने मात्र काम सोपे असते. चार लांब फळ्या, एक तिरपी फळी आणि स्पीकरसाठी गोल भोक.

दुसऱ्या महायुद्धाने चैनीच्या वस्तूंचा हा छोटा व्यवसाय खिळखिळा केला. युद्धानंतर अधिक समर्थ कायमस्वरूपी चुंबक उपलब्ध झाले, तेव्हा व्हॉइग्टच्या रचनेला त्यांची जोड देण्याचे काम लोदर कंपनीच्या डोनाल्ड चेव्ह यांनी केले. लोदरचे स्पीकर पुढे जगभरच्या शौकिनांत प्रसिद्ध झाले. व्हॉइग्ट मात्र १९५० साली इंग्लंड सोडून कॅनडाला गेला. तेव्हा त्याचे वय पन्नाशीच्या आतच होते. पुढील काळात त्याने ओटावात सरकारी नोकरी केली. विद्युतचुंबकत्व आणि गुरुत्वाकर्षण यांच्या मुळाशी काय आहे, या प्रश्नाने त्याला झपाटले आणि उरलेली वर्षे त्याने त्या चिंतनात घालवली. पदार्थविज्ञानाच्या जगाने त्या विचारांची दखल घेतली नाही. १९८१ साली कॅनडातील ओन्टारिओ प्रांतात त्याचे निधन झाले.

फुल रेंज स्पीकरच्या मर्यादा आजही कायम आहेत. सर्वात खालचा खर्ज त्यातून पुरता उतरत नाही, तारस्वर समोर बसलेल्यालाच नीट पोहोचतो आणि मोठ्या आवाजात शंकूची दमछाक होते. लोदर जातीच्या स्पीकरांचा आवाज मध्यसप्तकाच्या वर कर्कश होतो, अशीही तक्रार असते. तरीही एकट्या गळ्याचा किंवा एकट्या वाद्याचा आवाज एकाच बिंदूतून, वाटणीचा सांधा न जाणवता ऐकू येतो, याचे मोल चाहत्यांना अधिक वाटते. जपानच्या फॉस्टेक्ससारख्या कंपन्या असे सुटे स्पीकर विकतात आणि सोबत पेटीचे आराखडेही देतात.

ब्रिटनमध्ये त्या काळी पेटंटची मुदत १६ वर्षांची होती. व्हॉइग्टने बोट सोडली ती कॅनडाच्या किनाऱ्यावर, तेव्हा त्याच्या महत्त्वाच्या पेटंटांची मुदत संपली होती किंवा संपत आली होती. ज्या हक्कांच्या भरवशावर त्याने कंपनी उभारली, त्यांनी त्याला श्रीमंत केले नाही. पण हक्क संपल्यामुळेच त्याची नळी सर्वांची झाली. आज कोणीही चार फळ्या आणून, कोणाची परवानगी न घेता आणि कोणाला मोबदला न देता ती बांधू शकतो. बांधणाऱ्यांपैकी अनेकांना व्हॉइग्ट कोण होता हे ठाऊक नसते; पेटीचे नाव मात्र ते त्याच्याच नावाने घेतात.