डॉ. घुर्ये आणि सह्याद्रीतील आदिवासी

कसारा घाटाच्या पायथ्याशी आणि शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी, ठाकूर, कातकरी व वारली या जमातींचे पाडे विखुरलेले आहेत. अशा जमातींचा प्रश्न मुळात संस्कृतीचा की जमिनीचा, यावर १९४०च्या दशकात मोठा वाद झडला. त्यातील एका पक्षाचे अग्रणी होते डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये. त्यांची विद्वत्ता कशी घडली हे पाहिले म्हणजे त्यांचे उत्तर जितके मर्मग्राही तितकेच अपुरे का राहिले, याचा उलगडा होतो.

घुर्ये यांचा जन्म १२ डिसेंबर १८९३ रोजी मालवण येथे एका सारस्वत कुटुंबात झाला. मुंबई व जुनागढ येथे शिकून ते एल्फिन्स्टन महाविद्यालयात आले आणि १९१८ साली संस्कृत घेऊन कुलपतींच्या सुवर्णपदकासह एम. ए. झाले. पुढच्याच वर्षी पॅट्रिक गेडिस यांनी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू केला. मूळच्या वनस्पतिशास्त्रज्ञ गेडिस यांनी या संस्कृतज्ञ तरुणाची पारख केली व घुर्ये शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेले. लंडनला हॉबहाउस यांच्याकडे त्यांचे मन रमले नाही. त्यांना खरे गुरू लाभले ते केंब्रिजला, डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्या रूपाने. रिव्हर्स वैद्यकातून मानसशास्त्रात आणि तेथून मानवशास्त्रात आलेले होते. निलगिरीतील तोडा जमातीचा अभ्यास त्यांनी केला होता आणि महायुद्धात मनाने खचलेल्या सैनिकांवर उपचारही केले होते. १९२२ साली त्यांचे आकस्मिक निधन झाले आणि घुर्यांनी आपला प्रबंध हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली पुरा केला.

१९२४ पासून १९५९ पर्यंत मुंबईच्या समाजशास्त्र विभागाची धुरा घुर्यांनी वाहिली. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या जातिसंस्थेवरील ग्रंथात त्यांनी जातीची सहा लक्षणे सांगितली. नाकाच्या मापावरून जातीची उच्चनीचता ठरविणाऱ्या रिस्ले यांच्या सिद्धांताची त्यांनी आकडेवारीनेच तपासणी केली आणि उत्तर हिंदुस्थानाबाहेर तो टिकत नाही, असे दाखवून दिले. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, मार्क्सवादी अ. र. देसाई असे परस्परांहून सर्वस्वी भिन्न प्रकृतीचे अभ्यासक त्यांच्या हाताखाली तयार झाले. स्वतः ते ग्रंथात रमणारे. पण विद्यार्थ्यांना मात्र त्यांनी गावोगाव धाडले.

आदिवासींविषयीचा त्यांचा वादग्रस्त ग्रंथ १९४३ सालचा. त्यांचे प्रतिपक्षी होते व्हेरिअर एल्विन. ऑक्सफर्डमध्ये साहित्य व ईश्वरविद्या शिकलेले एल्विन १९२७ साली धर्मप्रचारक म्हणून भारतात आले आणि पुढे चर्चपासून दूर होऊन गोंड व बैगांमध्ये राहू लागले. त्यांच्या जीवनाचा ऱ्हास पाहून व्यथित झालेल्या एल्विन यांनी १९३९ साली बैगांसाठी राखीव प्रदेशाची सूचना केली. घुर्यांना ही सूचना अमान्य होती. आदिवासींचे हाल बाहेरच्या संपर्कामुळे नव्हे, तर जमीन, जंगल, दारू व कर्ज यांविषयीच्या ब्रिटिश कायद्यांमुळे झाले, असे त्यांचे प्रतिपादन होते. जी विपत्ती इतर गरीब शेतकऱ्यांवर कोसळली, तीच यांच्यावरही कोसळली. मग त्यांना अलग ठेवून काय साधणार?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे निदान आजही बिनतोड वाटते. परंतु त्याच ग्रंथात घुर्यांनी आदिवासींना मागासलेले हिंदू ठरविले आणि समाजात विलीन होणे हाच त्यांचा मार्ग मानला. संस्कृत ग्रंथांत मुरलेल्या दृष्टीला हजारो वर्षांची समावेशाची परंपरा दिसत होती. ज्यांना सामावून घ्यायचे, त्यांना शिडीची कोणती पायरी मिळणार, हा प्रश्न जातीची सहा लक्षणे सांगणाऱ्या पंडिताने अधिक कठोरपणे विचारायला हवा होता. ज्यांच्याविषयी वाद चालला होता त्यांना दोन्ही पक्षांच्या चर्चेत निर्णयाचा अधिकार नव्हता, ही त्याहून मोठी उणीव होय.

१९५७ साली घुर्यांचा महादेव कोळ्यांवरील स्वतंत्र ग्रंथ निघाला. १९४३ च्या ग्रंथाची नवी आवृत्ती १९५९ साली निघाली, तेव्हा त्यांनी संविधानाला अनुसरून शीर्षकात अनुसूचित जमाती हा शब्द स्वीकारला. निवृत्तीनंतरही त्यांचे लेखन अखंड चालू राहिले. २८ डिसेंबर १९८३ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज त्यांच्या निदानाची सत्यता पडताळण्यासाठी ग्रंथालयात जाण्याची आवश्यकता नाही. तानसा, वैतरणा व भातसा यांचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच शहापूर तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. पावसाळा सरताच कातकऱ्यांची कुटुंबे वीटभट्ट्यांकडे निघतात. ही दुर्दशा अलगपणाची नाही. अन्याय्य अटींवर झालेल्या विलीनीकरणाची आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगल कसणाऱ्याला जो अधिकार कागदावर दिला, तो घुर्ये व एल्विन या दोघांच्याही विचारातील उणीव भरून काढणारा आहे. विद्वानाची जडणघडण त्याचे प्रश्न ठरवते. उत्तरे मात्र पाड्यातल्या माणसाला विचारूनच ठरली पाहिजेत. ते दावे निकाली काढून सातबाऱ्यावर त्याचे नाव चढविणे, हीच घुर्यांच्या अभ्यासाची खरी फलश्रुती ठरेल.